कापसाच्या खोलीतले मास्तर

खोली भाड्याने देताना कोणी पाण्याचं बोलतं, कोणी डिपॉझिटचं, कोणी 'मटण-मच्छी चालणार नाही' म्हणून आधीच सांगून टाकतं. आमचे घरमालक कुकरच्या शिट्ट्यांचं बोलले.

"बाई, शिट्ट्या कितल्या लागतंस तुम्हाले?"

मी म्हटलं, वरणाला चार, भाताला तीन.

"मंग दोनदाव कुकर नका लावू. खाले वरण, वर भात, एकच दाव लावा. चार शिट्ट्यामा बठ्ठं व्हई जास. आन् दुफारना दोन ते चार, एकबी शिट्टी नको."

मी धडगावकडच्या डोंगरात नऊ वर्षं मास्तरकी करून आले होते. तिथे माझ्या खोलीपासून दुसरं घर एका टेकाडावर होतं. मी भांडी आपटली काय, गाणी म्हटली काय, ऐकायला बकऱ्या. बदली होऊन सपाटीवर कळसाडीला आले आणि हे गृहस्थ शिट्ट्या मोजायला बसले! मनात म्हटलं, झालं, म्हातारा तिरसट दिसतो, दुपारची झोप मोडलेली चालत नसणार. तर तसंही नव्हतं. ते दुपारी झोपतच नसत. दुसऱ्यांनी झोपावं म्हणून हे टक्क जागे.

गावात त्यांना 'मास्तर' म्हणत. शाळेशी त्यांचा संबंध चौथीतच संपलेला. ते बँडचे मास्तर. तरुणपणी लग्नसराईत बँडपार्टीबरोबर गावोगाव क्लॅरोनेट वाजवायचे आणि उरलेलं वर्ष कापसाच्या शेतात राबायचे. पुढे डीजे आला, बँडपार्टी मोडली, साथीदार कोणी सुरतला गेले, कोणी ऊसतोडीला. मास्तर क्लॅरोनेट घेऊन घरी बसले. मी त्यांना एकदा चिडवलं, "मुलांना शिकवते मी, आणि मास्तर मात्र तुम्ही!" तर म्हणाले, "तुमनं कोनी आयकस का?" खोटं कशाला बोलू, माझ्या वर्गात त्या वर्षी खरंच कोणी ऐकत नव्हतं.

त्यांच्या घरात राहायचं म्हणजे एक व्रतच होतं. खुर्ची सरकवायची नाही, उचलायची. खाटेच्या पायांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे बांधलेले. फाटकाच्या कडीला चिंधी. नळाखाली बादली लावली की तिच्या बुडाशी आधी ओला फडका टाकायचा, म्हणजे पाण्याची धार वाजत नाही. दर सोमवारी मास्तर तेलाची बाटली घेऊन सगळ्या बिजागऱ्यांना तेल पाजत फिरायचे. आणि गंमत अशी की त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, कमी ऐकू यायचं. त्या ताटं-पातेली दणादण आपटायच्या आणि मास्तर मागे मागे फिरून ती अलगद उचलून ठेवायचे. काकू म्हणायच्या, "हाऊ मानूस मन्हा हातमातून भांडं काबर हिसकी लेस, चोर शे का मी?" मास्तर हसायचे आणि मला एकच वाक्य ऐकवायचे.

"आवाज आपला ऱ्हास बाई. कान लोकना ऱ्हास."

हे वाक्य मी दिवसातून तीन वेळा ऐकलं असेल. पहिल्या महिन्यात राग यायचा. नंतर मीच शाळेत पोरांना ऐकवायला लागले.

एकदा गल्लीतून वरात निघाली होती. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर डीजेचे भिंतीएवढे डबे रचलेले, छातीत धडधड व्हावी असा आवाज. चौथ्या घरात एक म्हातारे गृहस्थ शहाद्याच्या दवाखान्यातून नुकतेच घरी आलेले. मास्तर बनियनवरच रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि हात वर केला. बँडवाले होते ना, वाजंत्री थांबवायची ती खूण त्यांच्या हातात मुरलेली. नवरदेवाचे मित्र खवळले. "ओ बाबा, बाजूले सरका!" मास्तर शांतपणे म्हणाले, "आम्ही बँड वाजाडूत ना, तव्हय आजारी मानूसना घरसमोर बाजा खाले करूत. वीस पावलं, भाऊ. वीस पावलंच गुमान चाला." आणि काय सांगू, त्या पोरांनी खरंच आवाज बंद केला! वीस पावलं सगळी वरात चपलांच्या आवाजावर चालली. मला त्या दिवशी या माणसाचा फार अभिमान वाटला, आणि तो मी त्यांना सांगितलाही. ते नुसते खाली बघून बनियनला हात पुसत राहिले.

पण एका गोष्टीचा उलगडा मला वर्षभर झाला नाही. घरात काही धप्प वाजलं की मास्तर धावत यायचे. मी नवरात्रात नारळ फोडला, तर जिना चढून धापा टाकत माझ्या वरच्या खोलीच्या दारात हजर. "काय व्हयनं? बाई, ठीक शे ना?" माझ्या हातून वरवंटा निसटला, तेव्हाही तेच. समोरच्या घरी भिंतीत खिळा ठोकत होते, तर मास्तर तिथेही जाऊन विचारून आले. "बाई, नारळ फोडाना आधी एक हाक मारत जा," असं मला त्यांनी अगदी गंभीरपणे सांगितलं. मी चेष्टा केली, "आधी अर्ज करू का, मास्तर?" ते हसले नाहीत. एरवी माझ्या प्रत्येक टवाळीवर हसणारा माणूस, म्हणून ते मला खटकलं.

आता क्लॅरोनेटचं सांगते. आमच्याकडे कापूस वेचून झाला की लोक तो घरातच भरून ठेवतात. भाव वर जाईल, आज जाईल, उद्या जाईल, म्हणून वाट बघतात. घरातली एक आख्खी खोली छपरापर्यंत पांढरी होते, घरभर किडे होतात आणि माणसांच्या अंगाला खाज सुटते. मास्तरांचीही तशी एक खोली होती, घराच्या पार टोकाला. दिवाळी सरली की शनिवारी दुपारी मास्तर गायब व्हायचे आणि संध्याकाळी दोन्ही दंड खाजवत, केसांत कापूस अडकवून बाहेर यायचे. शनिवारी माझी सकाळची शाळा, म्हणून हे माझ्या लक्षात आलं. एकदा काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "जाय, तूच दख तुन्हा मास्तर काय करी ऱ्हायना."

मी दार लोटलं. मास्तर कंबरेपर्यंत कापसात रुतून बसले होते आणि क्लॅरोनेट वाजवत होते. घामाने निथळत होते. दारात उभी होते तोवर मला काहीच ऐकू आलं नव्हतं. आत पाऊल टाकलं तेव्हा कुठे सूर आला, तोही मऊ, कोणी गोधडीत तोंड घालून बोलावं तसा. कापूस सगळा आवाज पिऊन टाकत होता.

"आवाज बाहेर जास का?" त्यांनी पहिला प्रश्न हा विचारला.

मी म्हटलं, नाही जात. तेव्हा त्यांनी बाजा पुन्हा ओठाला लावला.

मग माझे शनिवार तिथेच जायला लागले. मीही खाजवत बाहेर यायची. शाळेत सहकारी विचारायचे, बाई, तुम्हाला गोवर आला का? मास्तर जुनी लग्नातली गाणी वाजवायचे, हळद लागतानाची, नवरी निघतानाची. वाजवणं काही फार थोर होतं असं नाही. एखादा वरचा सूर हमखास किंचाळायचा. पण त्या वेळी त्यांचा चेहरा पोरासारखा व्हायचा, आणि एरवी हा माणूस चोवीस तास कान टवकारून बसलेला असायचा. गावात सगळ्यांनी कापूस विकला, भाव पडायला लागला, तरी मास्तर विकेनात. काकू करवादायच्या. कारण फक्त मला माहीत होतं. कापूस गेला की वाजवणं गेलं.

शेवटी मी तोंड उघडलंच. मला गप्प राहवत नाही, हा माझा जुना दोष आहे. म्हटलं, "मास्तर, घर तुमचं, बाजा तुमचा, भरदुपारी चोरासारखं कापसात काय बसता? ओट्यावर बसून वाजवा की! कोण काय म्हणणार आहे?"

त्यांनी क्लॅरोनेटच्या तोंडाची वेताची पत्ती काढली, फडक्याने पुसली, डबीत ठेवली. मग सांगितलं.

शेजारच्या घराची आणि त्यांच्या घराची मधली भिंत एकच. पलीकडे आबा आणि त्यांची बायको राहायची. आबा म्हणजे तापट माणूस. मास्तर तेव्हा मधल्या खोलीत, त्या भिंतीला टेकूनच वाजवायचे, आणि आबांना दुपारी झोप प्यारी. बाजा सुरू झाला की आबा खाटेवरून काठीने भिंत ठोकायचे. ठक, ठक. म्हणजे, बंद कर रे! मास्तर कधी बंद करायचे, कधी मुद्दाम आणखी जोरात वाजवायचे. संध्याकाळी दोघं एकाच ओट्यावर चहा प्यायचे आणि एकमेकांना शिव्या द्यायचे. "तुन्हा बाजा एक दिन मी तापीमा फेकसू," असं आबा म्हणायचे. असं वीस वर्षं चाललं होतं.

"एक दिन मी वाजाडी ऱ्हायनू," मास्तर म्हणाले. "ठक ठक व्हयनं. मी म्हनं, जाऊ दे, आज आबाशी भांडाले नको. बाजा बंद कया. गुमान बठी ऱ्हायनू. माले इतलं बरं वाटनं बाई, म्हनं आज आपन शेजारीनं आयकं. आर्धा घंटामा रडाना आवाज उना."

आबा खाटेवरच वारले होते. छातीत कळ आली होती. काठी हातातच होती.

"ते माले बलाई ऱ्हायंतात बाई. आन् मी बाजा बंद करीसन बठनू."

काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, शहादा तिथून एवढं लांब, दवाखान्यात नेईपर्यंत काय झालं असतं कोण सांगणार. मास्तर म्हणाले, "वाचतात का नही वाचतात, ते देवले ठाऊक. पन मी भिंतना पलीकडे तं जातू ना!"

माझ्या नारळाचा, वरवंट्याचा, समोरच्या खिळ्याचा हिशेब मला त्या दिवशी लागला. मला माझ्या टवाळीची लाज वाटली.

आबांच्या बायकोला, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या मावशींना, त्यांनी हे कधीच सांगितलेलं नव्हतं. तीन वर्षं झाली होती. बाजा मावशींच्या कानावर पडू नये म्हणून टोकाची खोली, म्हणून कापूस. "त्यासले आवाज गया तं त्या दिननी याद येई," म्हणाले. मी म्हटलं, "मास्तर, सांगून टाका. तुम्ही असे कुढत मराल." ते म्हणाले, "सांगसू. आज नही, सकाय."

तो उद्या काही उजाडेना. तेव्हापासून रोज संध्याकाळी ते मावशींच्या ओट्यावर जायचे. मी वरून बघायची. जाऊन उभे राहायचे, घसा खाकरायचे आणि विचारायचे, "वहिनी, नळले पानी उनं का?" मावशी म्हणायच्या, उनं. की हे परत. एक दिवस तर विळा मागून आणला. घरात दोन विळे होते! मी जिन्यावरून डोळे वटारायची आणि ते मान खाली घालून आत जायचे.

होळी झाली. मग बातमी आली की मावशींचा मुलगा आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीया झाली की, त्यांना कायमचं सुरतला घेऊन जाणार. घर बंद होणार. मास्तरांचं जेवण कमी झालं. काकूंनी मला विचारलं, पोट बिघडलं का यांचं?

आखाजी आली. माहेरवाशिणी झोके घेऊन, गाणी म्हणून परत गेल्या. मावशींचं सामान बांधून झालं. उद्या सकाळी गाडी येणार, आणि नेमका त्याच दिवशी काकूंनी व्यापाऱ्याला बोलावून कापूस उचलायला लावला. त्यांच्या अंगाला खाजेने फोड आले होते, त्यांचा काय दोष? दुपारभर माणसं कापूस भरत होती. चार वाजता मी खोलीत डोकावले. कोऱ्या भिंती, फरशीवर सरकी आणि मध्ये मास्तर उभे. त्यांनी एक टाळी वाजवून बघितली. ती केवढ्याने घुमली! ते दचकून बाहेर आले आणि ओट्यावर बसले.

तेवढ्यात मावशी आल्या. हातात काकूंची पुरणाची चाळणी होती, ती परत द्यायला. "मास्तर, हाई चायनी तुमनी. नही तं मी सुरतले ली जातू," म्हणाल्या आणि हसल्या. मी जिन्याच्या पायरीवर होते. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली खरी. इतके दिवस मीच मागे लागले होते. आता वाटलं, मावशी काय बोलतील? तीन वर्षांनी हे ऐकून त्या या माणसाचं तोंड तरी बघतील का?

"वहिनी, बठा. माले एक गोट सांगनी शे."

मावशी ओट्यावर टेकल्या.

मास्तर चाळणीकडे बघत बोलले. "आबा गयात त्या दिनले त्यासनी भिंत ठोकी व्हती. दोन दाव. तुम्ही गिरनीवर गयल्या व्हत्यात, घरमा कोनीच नव्हतं. मी आयकं. माले वाटनं, बाजा बंद कर म्हनी ऱ्हायनात. मी बाजा बंद कया आन् बठी ऱ्हायनू. मी उनू नही, वहिनी."

आतून काकूंनी पातेलं आपटल्याचा आवाज आला. मास्तर जागचे हलले नाहीत.

"गिरनीवर कोन गयं व्हतं?" मावशी म्हणाल्या.

"तुम्ही. बठ्ठा गावले ठाऊक शे."

"गावले मीच सांगं ते." मावशींनी पदर तोंडावरून फिरवला. "मी घरमाच व्हतू, मास्तर. मांगला दारमा बठीसन गहू निवडी ऱ्हायनू. त्यासनी ठोकं ते मीबी आयकं. म्हनं, सुरू व्हयनं यासनं रोजनं. मंग तुमना बाजा बंद व्हयना. मंग ठोकनंबी बंद व्हई गयं. मी म्हनं, चला, मिटनं. आन् बठ्ठी पाटी निवडी टाकी. मंग आतमा गवू."

मी पायरीवर बसल्या बसल्या रडायला लागले. मला लाजबिज काही वाटली नाही.

"मन्हा पोऱ्यालेबी सांगेल नही," मावशी म्हणाल्या. "तीन वरीस व्हयनात. तुम्ही रोज येतस, पानी उनं का इचारतस, आन् मी म्हनस, याले कळनं का काय. रोज माले भेव वाटे."

"माले तुमनं भेव वाटे," मास्तर म्हणाले.

काकू तीन कप चहा घेऊन बाहेर आल्या. माझे डोळे बघून, मास्तरांचे बघून त्यांनी विचारलं, "काय व्हयनं? कोन गयं?" त्यांनी कप ठेवले आणि मावशींना म्हणाल्या, "रडू नको वं, सुरत काय दूर शे?" त्यावर मावशींना रडता रडता हसू फुटलं.

चहा संपला. मावशी उठल्या नाहीत. भिंतीला पाठ टेकून म्हणाल्या, "मास्तर, बाजा आना."

"वहिनी..."

"आना. आठेच बठीसन वाजाडा. तीन वरीसमा एकदावबी आयकेल नही मी. सकाय मी जाई ऱ्हायनू."

मास्तर आत गेले. यायला वेळ लागला. मला वाटलं, येत नाहीत. मग आले, पत्ती जिभेवर ओली करत. मास्तर उघड्या ओट्यावर बसून, रस्त्याकडे तोंड करून वाजवताना मी पहिल्यांदाच पाहत होते. पहिला सूर असा किंचाळला की समोरच्या घरचं कुत्रं उठून बसलं. मग नवरी निघतानाचं गाणं सुरू झालं, आणि कापसाबाहेर त्याचा आवाज केवढा मोठा होता हे मला तेव्हा कळलं. सगळी गल्ली भरली. मावशी डोळे मिटून बसल्या होत्या. गालावरून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

चौथ्या-पाचव्या घरातून कोणीतरी ओरडलं, "ओ मास्तर! कोनं लगीन शे रे भो?"

मास्तर जागच्या जागी थांबले. क्लॅरोनेट ओठावरून खाली आला.

मावशींनी डोळे उघडले, ओट्यावरून अर्धवट उठल्या आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "वाजाडू दे रे त्याले! मी आयकी ऱ्हायनू!"

मास्तरांनी पत्ती पुन्हा ओली केली आणि मधूनच पुढे सुरू केलं.